डेलियाचे चार दगड

"तो दगड मी उचलणार नाही. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. आता तिसऱ्यांदा सांगायला फादरना घेऊन येऊ का?"

"एक नाही, चार आहेत."

"चार असोत नाहीतर चाळीस. ठेवलेस तू, उचलशील तू."

"माझा हात बघतोयस ना?"

"बघतोय. काल त्याच हातानं माझ्या कुत्र्याला बेकन भरवत होतीस. तेव्हा बरा दुखला नाही तो."

डेलिया लावेलने किटली जरा जोरातच शेगडीवर आदळली. टेबलाशी तिचा थोरला दीर फेस्टी बसला होता, टोपी गुडघ्यावर, रबरी बूट दाराबाहेर. वय चौऱ्याहत्तर, लग्न केलं नाही, शेवंडांचे पिंजरे टाकायचं सोडलं नाही. डेलिया लग्न होऊन या घरात आल्यापासून रोज सकाळी दहाच्या ठोक्याला तो इथे चहाला येई आणि चहा निवेपर्यंत दोघं कशावरून तरी भांडत. कोंबड्यांवरून, हवामानावरून, मेलेल्या माणसांच्या वयावरून. तोंडाला चव यायला ते लागायचंच. पण आजच्या भांडणाला मीठ जास्त झालं होतं, आणि ते दोघांनाही कळत होतं.

भांडण होतं खाली खडकांपाशी पडलेल्या एका तुळईवरून.

फेब्रुवारीच्या वादळाने ती आणून टाकली होती. सोळा फूट लांब, पाइनची, कुठल्यातरी मोडलेल्या धक्क्याची असावी. डेलियाने ती सकाळी सगळ्यांच्या आधी पाहिली, शेजारच्या पॅडनला त्याच्या ट्रॅक्टरसकट हाक मारून भरतीच्या रेषेच्या वर ओढून घेतली. पॅडन गेल्यावर तिने तुळईवर आपले दगड रचले. आणि परत येताना ओल्या शेवाळावरून तिचा पाय सटकला. मनगट मोडलं. उठता येईना. दीड तास ती तिथेच पडून होती. फेस्टीला ती सापडली, ती दहाच्या चहाला दार उघडं नि किटली गार दिसली म्हणून.

"तूच फिनोलाला फोन केलास," ती आता म्हणाली. "नाहीतर तिला कळलंसुद्धा नसतं."

"मग काय, तुला खेकड्यांच्या हवाली करून चहा पीत बसायला हवं होतं मी?"

फिनोला म्हणजे डेलियाची लेक. अ‍ॅथलोनला असते, बँकेत. तिथून गाडीने साडेतीन तास. त्या फोननंतर दर रविवारी तिने आईपाशी एकच धोशा लावला होता, आणि ईस्टरच्या रविवारी डेलियाने शेवटी 'बरं' म्हटलं. तळमजल्यावरची खोली रंगवून तयार होती. बाहेर सपाट हिरवळ, पुढे नदी, पाय घसरावा असं मैलभर काही नाही. परवा शनिवारी फिनोला गाडी घेऊन यायची होती.

ही गोष्ट डेलियाने गावात सगळ्यांना सांगितली, फक्त फेस्टीला सांगितली नाही. जीभच उचलेना. त्याला ती अ‍ॅट्रॅक्टाच्या दुकानात कळली, टॉर्चचे सेल घेताना. त्यावर तो अवाक्षर बोलला नव्हता. बोलत होता ते दगडांवर.

"तुझ्या शेडच्या दारावरची तुळई कुजलीये," डेलिया म्हणाली. "वल्हं टेकू लावून उभी केलीयेस. एक दिवस तुझ्याच डोक्यात बसेल. ही खालची तिथं चपखल बसते. मी देतेय म्हणते ना. घे."

"देणारी इथं असेल तर घेईन. देणारी अ‍ॅथलोनला टीव्हीसमोर बसली असेल, तर ते देणं नव्हे. ती सांडलवंड."

असं म्हणून तो उठला. दारात पाय बुटात खुपसताना त्याने हनुवटीनेच खिडकीकडे खूण केली.

"आणि त्या बाकीच्यांचं काय करायचं, तेवढं सांगून जा."

डेलियाने खिडकीकडे पाहिलं नाही. तिथे काय आहे ते तिला पाठ होतं. कुंपणापलीकडे उतार, उताराखाली गोट्यांचा किनारा, आणि किनाऱ्यावर ठिकठिकाणी पडलेली लाकडं. प्रत्येकावर दगडांचा मनोरा. पाच-पाच, सात-सात, एकावर तर नऊ. एकूण तेरा लाकडं. फेब्रुवारीपासून गावातल्या एकाही माणसाने त्यातल्या एकालाही हात लावला नव्हता. आणि लावणारही नव्हतं कोणी.

पोर्टनाग्लासमध्ये झाडं नाहीत. वारा गुलाबाचं झुडूपसुद्धा गुडघ्याच्या वर येऊ देत नाही. लाकूड द्यायचं ते समुद्राने. ते आलं, की ज्याला आधी दिसेल त्याने भरतीच्या रेषेवर ओढायचं आणि त्यावर एक दगड ठेवायचा. झालं. ते त्याचं. मग ते तिथे वर्षभर पडो की कुजो. ज्याने दगड ठेवला तोच तो उचलणार. भाऊ भावाशी बोलत नसेल, जमिनीवरून कोर्टात गेला असेल, तरी त्याच्या दगडाखालची फळी तो ओलांडून जाईल, पण सरकवणार नाही.

हे डेलियालाही जन्मापासून ठाऊक नव्हतं. ती लेट्रिमची, आतल्या मुलखातली, तळी आणि लव्हाळ्यांच्या गावातली. पंचवीस वर्षांची असताना ती पोर्टनाग्लासला आली, ती आठवडाभराची पाहुणी म्हणून. तेव्हा ती कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. मैत्रीण सोबत होती, पण दुसऱ्याच दिवशी तिची दाढ सुजली आणि ती परत गेली. डेलियाने खोलीचे पैसे आधीच भरले होते, म्हणून ती राहिली. तेवढंच कारण.

एकट्या पाहुणीने करायचं काय? ती किनाऱ्यावर जाऊन बसली. बसायला एक छान फळी होती, लालसर, गुळगुळीत. समुद्राकडे बघत बसल्या बसल्या हाताला चाळा म्हणून तिने चपटे दगड एकावर एक रचले. चार रचले, पाचवा पडला. मग भूक लागली म्हणून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी वाढताना घरमालकीण, म्हाताऱ्या मिसेस पॅडन, जरा ताठ होत्या. अंडं दिलं, पण हसल्या नाहीत. दुकानात लोक बोलता बोलता थांबले. चर्चमध्ये एक बाई तिच्याकडे पाहून दुसरीच्या कानाला लागली. डेलियाला वाटलं, आपला स्कर्ट आखूड आहे. तिने तो दोन बोटं खाली शिवून घेतला. काही फरक पडला नाही.

सहाव्या दिवशी दारात एक तरुण उभा राहिला. उन्हाने भाजलेला, हातात टोपी, कान लाल. फेस्टीचा धाकटा भाऊ, कोलमन लावेल.

"त्या लाकडाचं काय करताय तुम्ही?" त्याने विचारलं.

"कुठल्या लाकडाचं?"

"तुमच्या."

डेलियाला काहीच कळलं नाही, पण ती काउंटरवर काम करणारी बाई होती. न कळलेलं चेहऱ्यावर न दाखवणं हाच तिचा धंदा. ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, काय करावं?"

त्याने फार गंभीरपणे विचार केला. "ट्रेनमध्ये मावणार नाही ते. मी स्टेशनमास्तरला फोन करून डब्याचं दार किती रुंद ते विचारलं. आडवं धरलं तरी दोन फूट बाहेर राहतं. पण कापायचं असेल तर माझ्याकडे करवत आहे."

डेलिया उंबऱ्यावर बसली आणि पोट धरून हसली. तो बिचारा उभाच. हसू आवरल्यावर तिने त्याच्याकडून सगळं समजून घेतलं. दगड म्हणजे काय, ते लाकूड म्हणजे महोगनी, अर्ध्या गावाचा त्यावर डोळा कसा होता, आणि वादळानंतर रातोरात किनारा पालथा घालणारी माणसं एका पाहुणीपुढे कशी हरली. कोलमनला स्वतःला ती फळी होडीत बसायच्या जागेसाठी हवी होती. पण तो मागायला आला नव्हता. मदत करायला आला होता. हे डेलियाने नीट लक्षात ठेवलं.

"मी माझे दगड उचलले तर ते कुणाचं होईल?" तिने विचारलं.

"जो पुढचा दगड ठेवेल त्याचं."

"मग चला, आणि माझ्या अगदी जवळ उभे राहा. पळत यायला लागायला नको."

तिने चार उचलले, त्याने एक ठेवला. गावातल्या एकूण एक खिडकीतला पडदा हलत होता. संध्याकाळपर्यंत बातमी पुढच्या तीन गावांत पोचली, की लेट्रिमच्या मुलीने कोलमन लावेलला फळी दिली. ती फळी होडीत बसली आणि रविवारी फळीवर डेलिया बसली. पुढचा रविवार आला तेव्हा ती लेट्रिमला परत गेलेली होती. पण हॅलोविनला आली, नाताळला आली, आणि ईस्टर झाल्यावर जी आली ती परत गेली नाही.

गावाने तिला सांभाळून घेतलं. म्हणजे काय, तर चिडवलं. तिच्या चार दगडांवरून तर कायमच. बाकी सगळे एक दगड ठेवत, ती सवयीने चार ठेवी. "डेलियाला खात्री नाही वाटत," फेस्टी म्हणायचा, "तीन राखणीला ठेवते." पण सुनेसारखं वागवलं तरी ती 'बाहेरची'च राहिली. बाहेरून येऊन राहिलेल्या माणसाला गावात म्हणत 'वाऱ्यानं आलेला', आणि हे नाव पिढी बदलेपर्यंत पुसलं जात नसे. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर धक्क्याच्या दुरुस्तीची बैठक होती, तिथे डेलियाने काही मत दिलं. त्यावर अ‍ॅट्रॅक्टाची आई दुसऱ्या बाईला म्हणाली, हिला काय ठाऊक, ही वाऱ्यानं आलेली. हळू म्हणाली, पण बैठकीत तेव्हाच शांतता पडायची होती. डेलिया घरी येऊन बटाटे सोलत बसली आणि गरजेपेक्षा दुप्पट सोलले. कोलमनने ते भांडं पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"अगं, या गावात जे काही चांगलं आहे ते बाहेरूनच आलेलं आहे," तो म्हणाला. "लाकूड आलं, बांगडा आला, तू आलीस. इथलं स्वतःचं असं फक्त दगड आहेत."

पुढे त्याच बाहेरचेपणाने तिला गावात एक काम मिळालं, दुसऱ्या कोणाला करता न येणारं. कड्यावरून चालायची वाट झाली आणि पाहुणे वाढले. डेलियाने घरातल्या दोन खोल्या त्यांना द्यायला सुरुवात केली. पाहुणे किनाऱ्यावर जात, बसत, आणि जगभरच्या पाहुण्यांच्या हाताला जो चाळा असतो तोच त्यांच्याही हाताला. दगडावर दगड. गाव खिडकीतून बघे आणि उसासे टाके. उत्तम फळ्या, उत्तम खांब, सगळं दगडांखाली. पाहुणा तर निघून गेलेला. आता उचलायचे कोणी? यावर तीन आठवडे पबमध्ये वाद झाला. एक पक्ष म्हणाला, पाहुण्याला काय कळतंय, सोडा. दुसरा म्हणाला, आज पाहुण्याचा सोडला तर उद्या शेजाऱ्याचा सोडाल. शेवटी फेस्टीनेच तोडगा काढला. बाहेरच्यांचे दगड बाहेरचीनं उचलावेत. ती त्यांच्यातली. तिच्या हातून नियम मोडत नाही.

तेव्हापासून रोज न्याहारी वाढताना डेलिया पाहुण्यांना विचारू लागली, "काल किनाऱ्यावर कुठल्या लाकडावर दगड रचलेत का? रचले असतील तर ते लाकूड तुम्हाला हवंय का?" पाहुणे गोंधळून नाही म्हणत. एका जर्मन मास्तराने मात्र नीट विचार करून हो म्हटलं. गावाने तो खांब त्याच्या गाडीच्या टपावर बांधून दिला, आणि वर्षानुवर्षं त्या मास्तराचं नाव आदराने घेतलं. बाकीच्यांचे दगड डेलिया दुपारी जाऊन उतरवी. ती उठून दहा पावलं गेली की मागे दारं उघडत.

तर ती फेब्रुवारीत पडली, आणि किनारा तेरा मनोऱ्यांनी अडून बसला तो असा.

शुक्रवारी तिने बॅग भरली. भरता भरता ती पलंगावर टेकली आणि उठलीच नाही बराच वेळ. अकरा वर्षांपूर्वीची एक गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती.

कोलमन नोव्हेंबरमध्ये गेला. अंगणात टर्फच्या, म्हणजे जळणाच्या वाळक्या मातीच्या, विटा रचताना छातीत कळ आली, आणि वीट हातातच राहिली. त्या हिवाळ्यात डेलिया किनाऱ्यावर उतरली नाही. वादळं आली नि गेली. लाकूड आलं असेल, तिने बघितलं नाही. दाराशी कधी कापलेलं टर्फ असे, कधी बादलीत बटाटे, कधी साफ केलेले बांगडे कागदात गुंडाळून. कोण ठेवून गेलं ते कोणी सांगत नसे, विचारायचं नसे. मार्च लागला तेव्हा एकदा ऊन पडलं आणि ती खाली गेली. किनाऱ्यावर नऊ लाकडं होती, भरतीच्या रेषेच्या वर नीट ओढून ठेवलेली. नऊच्या नऊ लाकडांवर चार-चार दगड.

हिवाळ्यात पाहुणे येत नाहीत. आणि चार दगड गावात एकटीच रचायची.

तिने त्या मनोऱ्यांभोवती फिरून पाहिलं. नाटकात बुरखा घातला तरी चालीवरून नट ओळखू येतो, तसे ते मनोरे ओळखू येत होते. एकात शिंपला खोचलेला, ती अ‍ॅट्रॅक्टा. एक ट्रॅक्टरनेच उचलावेत इतक्या मोठ्या धोंड्यांचा, तो पॅडन. आणि पाच मनोरे असे वाकडे, की पडत कसे नाहीत याचंच नवल. फेस्टीला आयुष्यात कधी दोन दगड सरळ ठेवता आले नव्हते. त्या लाकडावर तिने दोन हिवाळे काढले आणि वर कोंबड्यांचं खुराडं झालं. आभार मात्र मानले नाहीत. पोर्टनाग्लासमध्ये तोंडावर आभार मानले, की समोरचा माणूस कॉलरमध्ये गोम गेल्यासारखा करतो. विषय बदलतो, नाहीतर निघून जातो. म्हणून ते राहिलं. आता उद्या जायचं, आणि ते तसंच राहणार.

शनिवारी अकराला फिनोला आली. आईला मिठी मारली, मनगट फिरवून बघितलं, बॅगेचं वजन केलं, आणि म्हणाली, निघूया का. डेलिया म्हणाली, आधी खाली जाऊन यायचंय. दगड उतरवायचे आहेत. माझेपण.

फिनोलाच्या कपाळाला आठी पडली. त्या उतारावरच आई पडली होती. "मी उतरवते ना."

"तू इथं जन्मलीयेस. तुला नाही चालत."

फिनोला याच गावची मुलगी होती. तिने आईचा हात धरला आणि दोघी कुंपणाचं फाटक उघडून बाहेर पडल्या. आणि दोघी तिथेच थांबल्या.

वाटेच्या कडेने खांब रोवले होते. फाटकापासून थेट खाली गोट्यांपर्यंत, सात खांब. आणि एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत कठड्यासारखा दोर ओढला होता, शेवंडांच्या पिंजऱ्यांचा, निळा, जाड. डेलिया फेब्रुवारीनंतर या फाटकाबाहेर आलीच नव्हती. खिडकीतून किनारा दिसतो, कुंपणाआडची वाट दिसत नाही.

फिनोलाने दोरावर आपला सगळा भार टाकून पाहिला. कोळ्याची लेक, दोर दिसला की आधी ओढून बघणार. दोर हलला नाही. मग ती पहिल्या खांबावरची गाठ वाकून बघायला लागली.

"हा फेस्टीकाका," ती म्हणाली. "डावखुरी गाठ."

दुसऱ्या खांबावर पॅडन होता, तिसऱ्यावरही. चौथ्यावर नव्या फादरांनी हात चालवला असावा, कारण ती गाठ बुटाच्या नाडीची होती. पाचव्यावर पुन्हा काका. फिनोला एकेक गाठ वाचत उतरत होती, आणि तिच्या बोलण्यातला घाईचा सूर हळूहळू कमी होत होता. सहाव्या खांबावर ती थांबली. ती गाठ अ‍ॅट्रॅक्टाची होती, दुकानातलं पुडकं बांधावं तशी. भार आला की सुटणारी. फिनोलाने आईला सातव्या खांबाला धरून उभं केलं, गुडघ्यावर बसली, ती गाठ सोडली आणि बापाने शिकवली होती तशी नवी मारली. दातांनी टोक ओढून घट्ट केली. उठून गुडघे झटकले.

"आई," ती समुद्राकडे बघत म्हणाली, "हिवाळा माझ्याकडे. नोव्हेंबर ते जानेवारी. त्यावर वाद नाही."

"आणि बाकीचे नऊ महिने?"

"बाकीचे नऊ महिने मी कोण सांगणारी? मी इथंच जन्मलीये, मला दगडसुद्धा उचलता येत नाहीत."

डेलियाने मान डोलावली. वरच्या खिडक्यांमधून पडदे हलायला लागले होते.

तिने तेरा मनोरे उतरवले. एकेक दगड, सावकाश, बऱ्या हाताने, जिथला तिथे. चौथं लाकूड होईपर्यंत अ‍ॅट्रॅक्टा दुकान उघडं टाकून खाली आली होती. आठवं होईपर्यंत पॅडन ट्रॅक्टर घेऊन. कोणी घाई केली नाही. डेलिया दोन पावलं बाजूला झाली की मगच कोणीतरी पुढे होऊन आपला एक दगड ठेवी. दोघांचा डोळा एकाच खांबावर असला तर दोघंही मागे सरत, आणि मग कोणीतरी एक ओरडे, की बाबांनो, जेवायची वेळ झाली. नऊ दगडांच्या मनोऱ्यापाशी डेलिया स्वतःच थबकली. चांगला रचला होता. कोण पाहुणा होता कुणास ठाऊक. तिने तोही उतरवला.

शेवटी ती आपल्या तुळईपाशी आली. फेस्टी तिथे आधीच येऊन बसला होता, तुळईवर नव्हे, बाजूच्या खडकावर, पाइप विझलेला. बॅग गाडीत गेली का घरातच आहे, हे त्याला अजून कळलं नव्हतं आणि तो विचारणार नव्हता. डेलियाने चार दगड उचलले. एक, दोन, तीन, चार. मग ती त्याच्या समोर उभी राहिली.

"देणारी इथं आहे," ती म्हणाली. "ऑक्टोबर संपेपर्यंत. आणि पुन्हा फेब्रुवारीत."

फेस्टीने फिनोलाकडे पाहिलं. फिनोलाने मान डोलावली. तो उठला, खडकांत इकडे तिकडे शोधत बसला, जसा काही किनाऱ्यावर दगडांचा दुष्काळ पडलाय. पाठ वळवून बराच वेळ शोधत होता. शेवटी एक घेऊन आला आणि तुळईवर ठेवला. तो एकटाच होता, तरी कलंडला. दुसऱ्यांदा ठेवावा लागला.

दुपारी फिनोला परत गेली. गाडीत आईची बॅग नव्हती, अंडी होती, आणि पॅडनने दिलेला खेकडा. पॅडन आणि फेस्टीने तुळई ट्रॅक्टरवरून शेडपाशी नेऊन टाकली. मग फेस्टी हात धुऊन डेलियाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. दहाचा चहा तीनला होत होता, त्यावरून त्याने दोन शब्द सुनावले. डेलियाने सोड्याचा पाव कापला, लोणी पुढे सरकवलं. त्याने लोणी पावापेक्षा जाड लावलं. ती त्यावर काही बोलली नाही, तेव्हा त्याने वर पाहिलं. त्याला धोका कळला असावा.

"फेस्टी," ती म्हणाली, "कोलमन गेला त्या हिवाळ्यात खाली नऊ लाकडं होती. त्यातल्या पाचांवरचे दगड इतके वाकडे होते, की मला वाटलं समुद्रच पिऊन आलाय. अकरा वर्षं झाली, मी काही बोलले नाही. आता तो दोर. मला एकदा तरी तोंडानं म्हणू दे. ते सगळं तूच केलंस ना?"

फेस्टीने चहाचा शेवटचा घोट घेतला. उरलेला पावाचा तुकडा रुमालात गुंडाळून खिशात घातला. टोपी डोक्यावर ठेवली, दारात बूट चढवले, डावा आधी, मग उजवा, आणि उताराच्या दिशेने चालता झाला.